कसौली, डगशाई, सुबाथू : सोलापूरहून निघणारी 'छावणी सहल' घ्यावी का?

सोलापुरातल्या एका सहल कंपनीच्या उन्हाळी पत्रकात 'ब्रिटिशांच्या थंड छावण्या' नावाची नऊ दिवसांची सहल आहे. कालका, शिमला, कुफरी, कसौली, डगशाई, सुबाथू असा क्रम. दर माणशी तीस हजारांच्या घरात. त्यात थ्री टायर एसीचं रेल्वेभाडं, डोंगरात टेम्पो ट्रॅव्हलर, दोघांत एक खोली आणि सोबत आपल्याकडचा आचारी. निकाल आधीच सांगून टाकतो: सहल घेण्यासारखी आहे, पण छापलेल्या क्रमाने आणि छापलेल्या वेळांत नाही. नाव छावण्यांचं आणि वेळ मॉल रोडला, ही तिची मुख्य खोट. शिमला आणि कुफरीला तीन दिवस जातात. ज्या तीन गावांमुळे ही सहल इतर पन्नास शिमला सहलींपेक्षा वेगळी ठरते, त्यांच्या वाट्याला दीड दिवस उरतो.

त्या दीड दिवसातही काय बघायचं हे नीट सांगितलं जात नाही, म्हणून आधी तेच. ब्रिटिश सैन्य इथे हवा खायला आलं नव्हतं, मरणाचा आकडा खाली आणायला आलं होतं. हिंदुस्थानातल्या सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाचा अहवाल १८६३ मध्ये आला. त्याआधीच्या काही दशकांत गोऱ्या सैनिकांचं मृत्यूचं प्रमाण वर्षाला हजारी ६९ होतं, असं त्यात नोंदलं आहे. लढाईत मेलेले त्यात थोडे. ताप, हगवण, यकृताचे विकार आणि पटकी यांनीच पलटणी पोखरल्या. साधारण एक तृतीयांश गोरं सैन्य डोंगरावर ठेवावं, अशी शिफारस त्यानंतर झाली. सुबाथू, कसौली आणि डगशाई मात्र त्याहून जुन्या. गुरखा युद्धानंतर १८१५ पासून सुबाथू, १८४२ मध्ये कसौली, १८४७ मध्ये पतियाळाच्या महाराजांकडून पाच गावांची जमीन घेऊन डगशाई. उंचावर ताप कमी होतो हे अनुभवाने कळलं होतं, कारण मात्र सगळे 'खराब हवा' हेच धरून चालले होते. मलेरियामागचा डासाचा हात रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत १८९७ मध्ये दाखवला, तोवर या छावण्यांना अर्धं शतक होऊन गेलं होतं.

जागा निवडतानाची दुसरी अट अंतराची होती. अंबाल्याचं मोठं ठाणं पायथ्याशी, त्यामुळे गरज पडली तर सैन्य काही मजलांत मैदानात उतरलं पाहिजे. मे १८५७ मध्ये हे कसाला लागलं. मेरठ-दिल्लीची बातमी आली तेव्हा सरसेनापती अॅन्सन शिमल्यात होता. कसौलीहून ७५वी पायदळ पलटण, डगशाईहून पहिली आणि सुबाथूहून दुसरी बंगाल फ्युझिलिअर्स, अशा तिन्ही पलटणी उन्हाच्या कडाक्यात अंबाल्याला उतरवल्या गेल्या. अॅन्सन स्वतः २७ मे रोजी कर्नालला पटकीने मेला. डोंगर सोडला की काय होतं याचा याहून ठळक दाखला नाही. सहलीचा मार्गदर्शक यातलं काहीच बोलत नाही. तो भुतांच्या गोष्टी सांगतो.

आता सहलीकडे. सोलापूरहून दिल्लीला कर्नाटक एक्स्प्रेस थेट जाते, दुसऱ्या दिवशी पोचवते. कंपनी त्याच संध्याकाळी नवी दिल्लीहूनच शताब्दीने कालक्याला नेते आणि रात्री परवाणूला मुक्काम करते. ही आखणी चांगली आहे, कारण स्टेशन बदलावं लागत नाही आणि पहाटे अडीच-तीनला सामान घेऊन फलाटावर उभं राहण्याची वेळ येत नाही. वयस्कर मंडळी असतील तर एवढ्यासाठीच ही कंपनी बरी.

तिसऱ्या दिवशी कालका–शिमला गाडी. ही छोटी गाडी म्हणजे सहलीचा सर्वांत चोख भाग आणि छावण्यांच्या विषयाशी तिचा संबंध पत्रकात दिसतो त्याहून घट्ट आहे. मार्ग ९६.६ किलोमीटरचा, ९ नोव्हेंबर १९०३ ला खुला झाला, २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. मूळ आराखड्यात रुळांमधलं अंतर दोन फूट होतं. लष्कराने आग्रह धरला की आपल्या इतर हलक्या लष्करी मार्गांशी जुळलं पाहिजे, डबे-इंजिनं इकडची तिकडे नेता आली पाहिजेत. म्हणून काम चालू असतानाच ते अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर केलं गेलं. चढ ३३ फुटांना एक फूट. या चढावर आणि तीव्र वळणांवर गाडीला वेग धरता येत नाही, म्हणून शिमल्याला पोचायला पाच तासांहून जास्त लागतात. खिडकीची जागा हवी असेल तर कंपनीच्या भरवशावर राहू नका. आगाऊ आरक्षण सध्या ६० दिवस आधी उघडतं, आणि मे महिन्याच्या जागा लगेच जातात. कंपनी तिकिटं एकगठ्ठा काढते, त्यात कोण कुठे बसणार हे गाडीतच ठरतं. नाव नोंदवतानाच जागा लिहून घ्या.

इथेच कार्यक्रमातली पहिली मोठी चूक होते. गाडी धरमपूर आणि कुमारहट्टी-डगशाई या दोन स्टेशनांवरून जाते. एकावरून कसौली आणि सुबाथूला रस्ता फुटतो, दुसऱ्याच्या डोक्यावर डगशाई आहे. कंपनी ही दोन्ही स्टेशनं मागे टाकून थेट शिमल्याला जाते आणि तीन दिवसांनी त्याच रस्त्याने गाडीतून परत उतरवते. उलट क्रम लावला तर सगळं जुळतं. धरमपूरला उतरायचं, कसौलीत दोन रात्री काढायच्या, त्यात सुबाथू आणि डगशाई करायचं, आणि शिमल्याचा प्रवास कुमारहट्टीहून पुन्हा रेल्वेने. बडोगचा ११४३ मीटरचा बोगदा कुमारहट्टीच्या पुढे आहे, त्यामुळे तो चुकत नाही. तिकिटं दोन काढावी लागतात आणि सगळ्या गाड्या दोन्ही ठिकाणी थांबत नाहीत, एवढंच बघावं लागतं. उंचीही अशी पायरीपायरीने वाढते: सुबाथू साडेचार हजार फुटांच्या आसपास, डगशाई पावणेसहा, कसौली सहा, शिमला सात हजारांच्या वर. गुडघे आणि दम दोन्हीसाठी हा क्रम बरा. दहा-बारा जणांचा गट असेल तर कंपनी हा बदल करून देते, विचारावं मात्र लागतं.

कसौलीच्या मुक्कामाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. पत्रकात 'कसौली' लिहिलेलं हॉटेल कसौलीत नाही, गढखलच्या बाजूला रस्त्यावर आहे. यात फसवणूक म्हणावी असं काही नाही, कारण छावणीच्या हद्दीत बांधकामावर निर्बंध आहेत आणि बहुतेक हॉटेलं बाहेरच आहेत. त्रास दुसराच आहे. गढखलचा तिठा अरुंद, आणि शनिवार-रविवारी चंदीगड-दिल्लीच्या गाड्यांनी तो गच्च होतो. चार किलोमीटरला तास लागू शकतो. कंपनी हमखास शनिवारी कसौलीत पोचते, कारण सोलापूरहून निघण्याचा वार ठरलेला आहे. मधल्या वाराची तुकडी मिळाली तर तीच घ्या.

कसौलीत गाडी वाहनतळावर सोडून पायी फिरायचं. लष्करी गावाचा आराखडा पायीच कळतो. सदर बाजार एका अंगाला, चर्च उंचवट्यावर, वरचा मॉल आणि खालचा मॉल असे डोंगराला वळसा घालणारे दोन रस्ते, बराकी धारेवर, दफनभूमी उतारावर. सदर बझार आणि लष्कर ही नावं सोलापूरकरांना परकी नाहीत. छावणी डोंगरावर असो की आपल्यासारख्या माळावर, मांडणी तीच. फरक एवढाच की मैदानातल्या छावणीत रस्ते काटकोनात आखता आले, इथे डोंगराने परवानगी दिली तिकडे गेले. बराकींकडे बघताना छप्पर बघा. उताराचं, नालीदार पत्र्याचं, वर धुराडी. मैदानातल्या बराकीत जाड भिंती आणि उंच छत उष्णता अडवायला असतात. इथे शेकोटी, आणि पाणी व बर्फ घसरून जावं म्हणून उतार. व्हरांडा मात्र दोन्हीकडे आहे, कारण दिवसाचा बराच वेळ सैनिक तिथेच काढत. आत जाता येत नाही, फोटोही काढू नका. ही चालू लष्करी ठाणी आहेत आणि पहारेकरी मोबाइल बाहेर दिसला तरी हटकतो.

ख्राइस्ट चर्च १८५३ चं आहे, आणि मार्गदर्शक तिथे वीस मिनिटं देतो ती पुरेशी आहेत. ज्या इमारतीसमोरून तो न थांबता जातो तिथे जरा थांबायला हवं: केंद्रीय संशोधन संस्था, स्थापना १९०५. त्याआधी १९०० मध्ये कसौलीतच भारतातली पहिली पाश्चर संस्था निघाली, कारण पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या गोऱ्या सैनिकाला तोवर उपचारासाठी पॅरिसला पाठवत असत. पुढे डेव्हिड सेंपलने इथे रेबीजची जी लस तयार केली, तीच आपल्याकडच्या दोन पिढ्यांनी पोटात चौदा इंजेक्शनं म्हणून ऐकलेली. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ही लस देशात २००४ च्या अखेरपर्यंत बनत होती. संस्थेत पर्यटकांना प्रवेश नाही, पण फाटकासमोर एवढं सांगायला दोन मिनिटं पुरतात. छावणीतली थंड हवा लशीच्या कामालाही उपयोगी पडली, हा या सहलीचा खरा मुद्दा आणि तोच गाळला आहे.

कसौलीचं उंच टोक मंकी पॉइंट हवाई दलाच्या हद्दीत आहे. मूळ ओळखपत्र लागतं, झेरॉक्स किंवा मोबाइलमधलं चित्र धरून बसू नका. मोबाइल, कॅमेरा, पिशव्या फाटकावर जमा होतात. परदेशी पासपोर्ट असलेल्यांना सोडत नाहीत, त्यामुळे अमेरिकेहून सुट्टीला आलेला नातेवाईक बरोबर असेल तर त्याला आधीच सांगा. शेवटचा चढ पायऱ्यांचा आहे. कंपनी दुपारी साडेतीननंतर नेते आणि रांगेत अर्धा तास जातो. सकाळी गेलात तर रांगही नाही आणि धुरकटही कमी. मे-जूनमध्ये चीडच्या जंगलात वणवे लागतात, त्या दिवसांत दुपारनंतर समोरची दरी दिसत नाही.

डगशाई म्हणजे या सहलीचं सोनं, आणि त्याला दिलेत चाळीस मिनिटं. इथल्या तुरुंगालाच किमान दीड तास हवा. १८४९ मध्ये बांधलेला हा लष्करी तुरुंग, खर्च त्या काळचे ७२ हजारांहून थोडे जास्त रुपये, कोठड्या ५४. त्यातल्या १६ एकांताच्या. कोठडी साधारण आठ फूट रुंद, बारा फूट लांब, आणि छत वीस फुटांवर. एवढ्या लहान खोलीला एवढं उंच छत का, हा प्रश्न पडायला हवा. बराकीत माणशी किती हवा हवी, या मोजमापाचा विचार तोवर तुरुंगापर्यंत आला होता. जमीन लाकडी, खालून हवा खेळती राहावी म्हणून भिंतीतून झरोके काढलेले. आणि लाकडावर पाऊल पडलं की आवाज होतो, पहाऱ्याला तेही सोयीचं. आत अंधार आहे. मोबाइलच्या उजेडावर भागत नाही, चांगली बॅटरी न्या. मेमध्येही आत गार लागतं, अंगात काहीतरी बाह्यांचं असू द्या. संग्रहालयाची वेळ आणि साप्ताहिक सुट्टी निघण्याआधी फोन करून विचारायला कंपनीला लावा. हे काम तिचं आहे आणि ते ती टाळते.

या तुरुंगाच्या नोंदीत सर्वांत मोठं नाव जेम्स डॅलीचं. जून १९२० मध्ये जालंधरच्या छावणीत कनॉट रेंजर्स या आयरिश पलटणीतल्या सैनिकांनी शस्त्रं खाली ठेवली. आयर्लंडमध्ये ब्रिटिश फौजा करत असलेल्या अत्याचारांच्या बातम्या घरच्या पत्रांतून आल्या होत्या. लोण सोलनच्या तुकडीत पोचलं. तिथे शस्त्रागाराकडे चालून जाताना दोन सैनिक गोळीबारात मेले. डॅलीला २ नोव्हेंबर १९२० रोजी डगशाईत गोळ्या घातल्या. बंडासाठी मृत्युदंड दिलेला तो ब्रिटिश सैन्यातला शेवटचा सैनिक. त्याचे अवशेष १९७० मध्ये आयर्लंडला नेले. महात्मा गांधी १९२० मध्येच इथे येऊन गेले असं संग्रहालयात सांगतात आणि त्यांची खोलीही दाखवतात. त्याच्या पाच वर्षं आधी, १९१५ मध्ये, गदर चळवळीच्या प्रकरणात २३व्या घोडदळातल्या हिंदी स्वारांवरचं कोर्ट मार्शलही डगशाईतच चाललं होतं. सोलापुरातला १९३० चा मार्शल लॉ आणि चार हुतात्म्यांचा पुतळा ज्यांच्या रोजच्या वाटेवर आहे, त्यांना ही कोठडी समजायला मार्गदर्शक लागू नये. मार्गदर्शक मात्र इथून लगबगीने दफनभूमीकडे नेतो, कारण तिथे मेरी वेस्टनच्या थडग्याची गोष्ट आहे. १९०९ मध्ये एका मेजरची बायको गेली, त्याने संगमरवरी पुतळा उभारला, आणि मुलगा व्हावा म्हणून बायका त्याचे टवके काढून नेऊ लागल्या. गोष्ट सांगायला हरकत नाही. पण त्याच दफनभूमीत बाकीच्या थडग्यांवरची वयं वाचायला कुणी थांबवत नाही. विशीतले सैनिक, काही महिन्यांची मुलं. थंड हवेत आणूनही विषमज्वराने माणसं जातच होती, कारण विषमज्वर हवेतून नाही, पाण्यातून येतो.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर तोही इथल्या बांधणीत दिसतो. छावणी धारेवर, कारण हवा आणि पहारा दोन्ही तिथे. झरे मात्र खाली. मग खेचरांवरून आणि भिश्तीच्या पखालीतून पाणी वर चढवायचं, आणि वाटेत ते दूषित व्हायचं. डोंगरावर नव्याने आलेल्या गोऱ्यांना होणाऱ्या जुलाबांना तर त्या काळच्या डॉक्टरांनी वेगळं नावच दिलं होतं. आजही मे-जूनमध्ये कसौली-डगशाईच्या हॉटेलांत टँकर येतात, बादलीभर गरम पाण्याला वेळ ठरलेली असते. पाच दिवसांआड नळ येणाऱ्या गावातल्या माणसाला हे नवं नाही, पण तीस हजार मोजल्यावर तक्रार होतेच. कंपनी पिण्याचं बाटलीबंद पाणी दिवसाला एक लिटर देते. चढ-उताराच्या दिवशी ते अर्धंच पुरतं. स्वतःचं विकत घ्या आणि बाजारातला बर्फ टाळा.

सुबाथूवर फार लिहिण्यासारखं नाही, आणि दोष जागेचा नाही. इथेच एप्रिल १८१५ मध्ये नसिरी पलटण उभी राहिली, जिच्यातून पुढे पहिली गोरखा रायफल्स झाली. गोरखा प्रशिक्षण केंद्र आजही तिथेच आहे. पाहण्यासारखं बहुतेक सगळं त्या केंद्राच्या कुंपणाआड असल्यामुळे सहलीचं 'सुबाथू दर्शन' म्हणजे बाजारात चहा आणि गाडीच्या खिडकीतून मैदान. जायचंच तर संचलनाच्या मैदानाकडे नजर टाका: डोंगरात एवढी सपाट जागा मिळणं हीच छावणीची पहिली गरज असते, आणि ती इथे होती म्हणून इतर दोन्हींच्या आधी सुबाथू वसलं. अर्धा तास पुरतो. लांबचा फेरा नको असेल तर सुबाथू गाळून तो वेळ डगशाईला द्या.

शिमल्याचे तीन दिवस दोनवर आणता येतात. कुफरी काढून टाका. घोड्यावर बसवून चिखलातून नेतात, वर याक आणि फोटोवाले. त्याऐवजी अॅनाडेल. हे मैदान लष्कराकडे आहे, शेजारी सैन्याचं वारसा संग्रहालय आहे, आणि ड्युरँड चषकाची फुटबॉल स्पर्धा १८८८ मध्ये इथेच सुरू झाली, पलटणींसाठी. उताराचा रस्ता आहे. जाताना चालत, येताना गाडीने. जतोगची छावणी रेल्वेतूनच बघायची, आत प्रवेश नाही. मे १८५७ मध्ये तिथल्या नसिरी पलटणीने हुकूम नाकारला आणि शिमल्यातले गोरे रातोरात दऱ्यांत पळाले, ही हकीगत गाडी जतोग स्टेशनावर उभी असताना सांगितली तर रंगते. पत्रकात शिमल्याचा उल्लेख 'ब्रिटिशांनी वसवलेली पहिली लष्करी छावणी' असा आहे, तो चुकीचा आहे. शिमला १८६४ पासून सरकारची उन्हाळी राजधानी, म्हणजे मुख्यतः साहेब आणि कारकुनांचं गाव. सैन्य आजूबाजूच्या धारांवर.

जेवण ही कंपनीची जमेची बाजू. आचारी सोबत असल्यामुळे रोज भाकरी मिळते आणि शेंगाचटणी संपत नाही. एक गोष्ट त्याला निघण्यापूर्वी बजावून ठेवा. सहा हजार फुटांवर पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. मोठा कुकर न्यायलाच हवा. तो नसला की पहिल्या रात्री आमटीत डाळ वेगळी आणि पाणी वेगळं. भात फडफडीत राहतो तोही त्याच कारणाने, त्यात आचाऱ्याची चूक नसते. रेल्वेतल्या दोन दिवसांसाठी कडक भाकरी घरूनच बांधा, कंपनी गाडीत फक्त एक वेळचं जेवण देते.

टेम्पो ट्रॅव्हलर सतरा आसनी असते आणि मागच्या रांगेत सामान रचतात. त्या रांगेशेजारी बसणाऱ्याला वळणांवर पोटात ढवळतं. गाडी लागणाऱ्यांनी पुढून दुसरी रांग आधीच मागून घ्यावी आणि गोळी चढ सुरू होण्याच्या अर्धा तास आधी घ्यावी, ढवळायला लागल्यावर नाही. चाकांच्या मोठ्या बॅगा नकोत. हॉटेलं उतारावर, पायऱ्या उंच, हमाल प्रत्येक ठिकाणी मिळत नाही. कपड्यांत पातळ स्वेटर आणि वाऱ्याला अडवणारं जाकीट पुरे. सोलापूर ४२-४३ अंशांत सोडून आलेल्याला मे महिन्यातली इथली १५ अंशांची रात्रही बोचते, पण त्यासाठी जाडजूड कोट नकोत. हॉटेलात रजया असतात; आपली चादर रेल्वेसाठी न्या, तिथे ती कामाला येते.

हंगाम एप्रिल ते जूनचा मध्य. जुलै ते सप्टेंबर या सहलीची सवलतीची जाहिरात येते, तिला भुलू नका. परवाणू–सोलन महामार्ग रुंद करताना डोंगर उभा कापला आहे आणि पावसात तो खाली येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये समरहिलजवळ दरड कोसळून रुळांखालची जमीनच वाहून गेली आणि छोटी गाडी कित्येक आठवडे बंद होती. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा स्वच्छ, गर्दी कमी, आणि डगशाईहून लांबवर बर्फाची रांग दिसण्याची शक्यता सर्वांत जास्त. शाळांना दिवाळीची सुट्टी असते, तेव्हा तुकडी निघते का ते विचारा.

पैसे भरताना चार गोष्टी लेखी घ्या: कसौलीतल्या हॉटेलचं नाव आणि बाजारापासूनचं अंतर, छोट्या गाडीतला आसन क्रमांक, डगशाई तुरुंगासाठी दोन तास, आणि दरड किंवा वणव्यामुळे रस्ता बंद झाला तर वाढीव मुक्कामाचा खर्च कोणाचा. शेवटच्या मुद्द्यावर पत्रक गप्प आहे.

नऊ दिवस आणि तीस हजार दोन्ही जमत नसतील, तर याच जातीचं एक ठिकाण सोलापूरहून एका दिवसात होतं: पुरंदर. मुंबई इलाख्यातल्या गोऱ्या सैनिकांसाठी इथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आरोग्यधाम होतं. महाबळेश्वरला मुंबईचा गव्हर्नर माल्कमने १८२८ च्या सुमारास अशीच सोय केली होती, पण तिथे पावसाळ्यात वर्षाचा सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जूनमध्ये अख्खं गाव रिकामं करावं लागायचं. पुरंदर पर्जन्यछायेकडे झुकलेला आणि पुण्याच्या छावणीला जवळ. बिनी दरवाज्यातून आत गेलं की माचीवर पडक्या चर्चच्या आणि बराकींच्या भिंती दिसतात, आणि शंभूराजांच्या जन्मस्थानाकडे लक्ष असलेले बहुतेक लोक त्यांच्यासमोरून न बघता जातात. सोलापूरहून पुणे रस्त्याने चौफुला, तिथून सुपे, मोरगाव, जेजुरी, सासवड, नारायणपूर. हडपसरची गर्दी पूर्ण टळते. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, मूळ ओळखपत्र लागतं, सकाळी नऊच्या आधी सोडत नाहीत आणि संध्याकाळी पाचला बाहेर काढतात, म्हणून सोलापूर पहाटे चारला सोडा. बालेकिल्ल्यावर केदारेश्वरापर्यंत चढ-उताराला दीड-दोन तास धरा. वर खाण्याची सोय जेमतेम. जेवण सासवडला उरका आणि माणशी दोन लिटर पाणी खालूनच न्या.